खाण्याचा आजार उलटतो तेव्हा: सोलापुरातल्या एका आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "मुलगी २० वर्षांची आहे. सतराव्या वर्षी तिला ॲनोरेक्सिया, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवत वजन उतरवत नेण्याचा आजार, झाला होता. पुण्यात पाच आठवडे ॲडमिट होती, पुढे वर्षभर कौन्सेलिंग झालं. दीड वर्षापूर्वी डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाही. यंदा नवरात्रात उठता-बसता उपवास न करता तिनं नऊ दिवस कडक उपवास धरला. सासूबाईंना कौतुक वाटलं. दसऱ्याला पुरणपोळी वाढली तर 'उद्या खाते' म्हणून ताट सरकवलं. कोजागरीला मैत्रिणींबरोबर तुळजापूरला चालत गेली. आता दसरा होऊन बारा दिवस झाले, भाकरीला हात लावत नाही. दोन महिने पाळी नाही. मिस्टर म्हणतात नाटकं आहेत. तेव्हा ती बरी झालीच नव्हती का? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची? आमचं काय चुकलं?"

ताई, तुमच्या लिहिण्यातली दसऱ्याची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. नवरात्राचे उपवास आपल्याकडे घरोघरी असतात. रूपाभवानीच्या देवळात पहाटे रांगेत उभ्या राहणाऱ्या कित्येक बायका पोटात फक्त चहा घेऊन आलेल्या असतात. मग दसरा येतो, पुरणाचा नैवेद्य होतो आणि सगळ्यांचा उपवास सुटतो. तुमच्या मुलीचा सुटला नाही. नऊ दिवसांच्या उपवासापेक्षा मला दहाव्या दिवशी सरकवलेल्या त्या ताटाची जास्त काळजी वाटते. दुखणं उलटलंय असंच मी धरून चालेन. पण तुम्ही ते बाराव्या दिवशी ओळखलंत हेही तितकंच खरं आहे. माझ्याकडे बहुतेक घरं पाच-सहा महिन्यांनी येतात.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि सोलापुरात २२ वर्षं रुग्ण बघते आहे. बाकी सगळं सांगण्याआधी शरीराचं सांगते, कारण ते थांबत नाही. या दोन-तीन दिवसांत तिला फिजिशियनकडे घेऊन जा. नाडी, झोपून आणि उभं राहून असं दोन्ही वेळचं बीपी, ईसीजी, आणि रक्तात साखर, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट एवढं तपासून घ्या. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड नॉर्मल आले म्हणून परत फिरू नका. या आजारात अगदी शेवटपर्यंत रक्ताचे बरेचसे रिपोर्ट चांगले दिसू शकतात. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, चक्कर येऊन पडली का, छातीत धडधडतं का, जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली आहे का, जेवणानंतर उलट्या काढते का, जुलाबाच्या गोळ्या घेते का, हे विचारा. यातलं एक जरी 'हो' असेल तर दोन-तीन दिवससुद्धा थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. उलट्यांनी आणि जुलाबांनी पोटॅशियम उतरतं, आणि पोटॅशियम उतरलं की हृदयाचे ठोके चुकतात. वजन बरं दिसणाऱ्या मुलीतही हे होतं.

त्याला जोडूनच एक सावधगिरी. घाबरून एका दिवसात सगळं भरवायला जाऊ नका. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं तर रक्तातलं फॉस्फेट झपकन खाली येतं आणि त्यातून जीवावर बेतू शकतं. किती दिवस, किती कमी खाल्लंय हे डॉक्टरांना नीट सांगा, म्हणजे वाढवायचा वेग ते ठरवून देतील.

आता तुमचा पहिला प्रश्न. ती बरी झालीच नव्हती का?

उपचार संपले होते. बरं होणं अजून चालू होतं. आपल्याकडे डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की आजार संपला असं धरतात, कारण टायफॉईड, डेंगी, अपेंडिक्स यांत तसंच असतं. हा आजार वेगळ्या गतीनं जातो. अमेरिकेत ॲनोरेक्सियासाठी ॲडमिट झालेल्या ९५ किशोरवयीन रुग्णांचा १० ते १५ वर्षं पाठपुरावा केला गेला. तो अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. पूर्ण बरं व्हायला लागलेला वेळ, बरं होण्याची कोणती व्याख्या धरली त्याप्रमाणे, ५७ ते ७९ महिने निघाला. म्हणजे सुमारे पाच ते साडेसहा वर्षं. त्यातले सुमारे ३० टक्के रुग्ण डिस्चार्जनंतर, पूर्ण बरे होण्याआधी, पुन्हा घसरले होते. तरीही शेवटी तीन चतुर्थांश पूर्ण बरे झाले. आणि एकदा खऱ्या अर्थानं पूर्ण बरं झालेलं माणूस नंतर घसरण्याचं प्रमाण कमी होतं. तुमच्या मुलीला तीन वर्षं झाली आहेत, म्हणजे ती वाटेच्या मध्यावर आहे.

मोठ्या वयाच्या रुग्णांच्या आई-वडिलांना मी बॉस्टनचा अभ्यास सांगते. तिथे दोनशेहून जास्त स्त्रियांना २० वर्षांपेक्षा अधिक काळ बघितलं गेलं. पाठपुराव्याच्या नवव्या वर्षी ॲनोरेक्सियाच्या जेमतेम ३१ टक्के स्त्रिया बऱ्या झाल्या होत्या. बाविसाव्या वर्षी हा आकडा ६३ टक्क्यांच्या आसपास गेला. नवव्या वर्षी ज्यांच्यापुढे 'जुनाट' असा शिक्का मारला गेला असता, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या पुढे बऱ्या झाल्या. म्हणून 'आता हिचं असंच राहणार' हे वाक्य मी कुणाच्याही बाबतीत बोलत नाही.

मग दीड वर्ष चांगलं गेल्यावर आताच का उलटलं? यासाठी उपाशी शरीर मेंदूचं काय करतं ते समजून घ्यावं लागेल. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी, तरुण पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं गेलं. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे शोधण्यासाठी तो प्रयोग होता. यांतल्या कुणालाही खाण्याचा आजार नव्हता, कुणाला बारीक व्हायचं नव्हतं. तरी काही आठवड्यांत ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, एकेक घास चघळत तासभर ताटावर बसू लागले, चिडचिडे झाले, मित्रांपासून तुटले. पुन्हा पुरेसं खायला मिळाल्यावरही कित्येकांना अनेक महिने जाग्यावर यायला लागले.

ज्या मुलीचा मेंदू एकदा या वाटेनं गेला आहे, तिच्यासाठी नऊ दिवसांची उपासमार ही काडी ओढण्यासारखी असते. पहिले दोन दिवस ती खरंच देवीसाठी उपाशी राहिली असेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला ती जुनी, ओळखीची शांतता जाणवली असेल. उपाशी राहिल्यावर डोक्यातला कल्ला थांबतो असं माझ्या अनेक रुग्ण सांगतात. परीक्षा, मैत्रिणीचं बोलणं, घरातला ताण, सगळं दूर जातं. नवव्या दिवशी तो उपवास देवीचा उरलेला नसतो, पण हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. तिलाही नाही. त्यामुळे 'देवीच्या नावाखाली फसवलंस' असं तिला कुणी म्हणू देऊ नका.

आज्जींचं मन राखणं हा तुमच्या घरातला सगळ्यात नाजूक भाग असणार. माझा अनुभव असा की आज्ज्या डॉक्टरांपेक्षा लवकर ऐकतात, फक्त त्यांच्या भाषेत सांगावं लागतं. आजारी माणसाला, गरोदर बाईला, लेकराला उपवास नसतो ही आपलीच रीत आहे. ती त्यांना मी शिकवायची नसते. मी एवढंच म्हणते की ही पोर आजारी आहे, अजून पाच वर्षं हिला उपवासाची मोकळीक द्या. एका घरात आज्जीनं स्वतः नातीचा सोमवार आपल्याकडे घेतला. "तुझा मी धरते, तू माझ्या वाटचं जेव," असं म्हणाली. त्या मुलीला एकही औषध न देता त्या श्रावणात मला अर्धी लढाई जिंकता आली होती. पुढच्या वर्षी चैत्र, आषाढी, श्रावण, नवरात्र यांच्या आधी आठवडाभर घरात हे बोलणं झालेलं असू दे. उपवासाच्या आदल्या रात्री वाद घालून काही होत नाही.

तुळजापूरच्या चालण्याबद्दल. कोजागरीला चालत जाणारी हजारो माणसं भक्तीनं जातात, वाटेत ठिकठिकाणी त्यांना खाऊ-पिऊ घालतात. तिच्या मैत्रिणींना विचारून बघा, वाटेत तिनं काय खाल्लं. सोलापूरहून पंचेचाळीसेक किलोमीटर चालून जाणं आणि रिकाम्या पोटी चालून जाणं यांत फार मोठं अंतर आहे. दुसऱ्या दिवशी तिनं पाय दुखतात म्हणून विश्रांती घेतली की पुन्हा जिने चढउतार सुरू केले, हेही आठवून बघा. विश्रांती घेता न येणं हे मी वजनाच्या काट्याहून लवकरचं लक्षण मानते.

आजार उलटण्याची सुरुवात घरात कशी दिसते त्याचं एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एक मुलगी उपचारांनंतर वर्षभर छान होती. तिच्या आईला नंतर आठवलं ते असं: रात्री कडक भाकरी, पातळ भाजी आणि शेंगाचटणी असं ताट असायचं. मुलगी भाकरी मोडायची, कुस्करायची, बोटांनी फिरवत बसायची. ताटात हालचाल चालू असायची, त्यामुळे जेवते आहे असंच वाटायचं. एके दिवशी आईनं ताट उचललं तर खाली ताटाच्या काठाबरोबर चुऱ्याचं गोल कडं पडलेलं. मांडीवरच्या नॅपकिनच्या घडीतही तेच. चटणीवरचं तेल बोटानं बाजूला काढून वाटीत साठवलेलं. वजन तेव्हा जेमतेम उतरायला लागलं होतं. काट्यावर दिसेपर्यंत थांबलो असतो तर आणखी दोन महिने गेले असते.

तुमच्या घरात बघायच्या खुणा साधारण अशाच असतील. घरच्यांसाठी शिरा, धपाटे उत्साहानं करायचे आणि स्वतः चाखायचंही नाही. 'कॉलेजमध्ये खाल्लं', 'मैत्रिणीकडे खाल्लं' ही उत्तरं वाढणं. फोडणीच्या वेळी तेलाच्या भांड्याजवळ येऊन उभं राहणं. ऊन असताना पूर्ण बाह्यांचे कपडे. जेवणानंतर लगेच बाथरूम आणि नळ सोडलेला. पंगतीला, लग्नाला, वाढदिवसाला जायचं टाळणं. आणि 'मला भूकच नाही', 'गॅस होतो', 'पोट फुगतं'. हे शेवटचं नीट ऐका, कारण आपल्याकडच्या मुली 'मला जाड व्हायचं नाही' असं दर वेळी म्हणत नाहीत. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये ॲनोरेक्सियाच्या ७० रुग्णांची पाहणी केली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी जाड होण्याची भीती बोलूनच दाखवली नव्हती. पोट भरल्यासारखं वाटतं, भूक लागत नाही, एवढंच ते सांगत. अशा मुलींची वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्यांत आणि सोनोग्राफीत जातात.

इथे माझी एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एका मुलीचं वजन योग्य जागी आलं, पाळी सुरू झाली, घरचे खूश झाले आणि मीही त्यांच्यासोबत खूश होऊन 'आता यायला नको' म्हणून मोकळी झाले. चार महिन्यांत ती पुन्हा आली, पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत. तिची आई म्हणाली, "तुम्हीच म्हणालात बरी झाली, म्हणून आम्ही बघायचं सोडलं." ते मला अजून टोचतं. शरीर आधी भरतं आणि विचार कित्येक महिने मागे राहतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण त्या घराला ते सांगितलं नव्हतं. उपचार संपल्यानंतरचं पहिलं वर्ष सगळ्यात निसरडं असतं. तेव्हापासून मी त्या वर्षात महिन्यातून एकदा तरी बोलावते आणि पुढे तीन-चार वर्षं अंतर वाढवत भेटत राहते. तुमच्या मुलीचं बोलावणं एकदम बंद झालं असेल तर त्यात तुमचा दोष नाही. आणि 'आमचं काय चुकलं' याचं उत्तर मला इतकंच देता येईल की आई-वडिलांच्या चुकीनं हा आजार होत नाही. घराण्यात उतरणारी प्रवृत्ती असते, स्वभावातला काटेकोरपणा असतो, वयाचे ताण असतात, आणि डाएट किंवा उपवासानं त्याला तोंड फुटतं.

आता दुसरा प्रश्न, पहिल्यापासून सुरुवात करायची का. तशी गरज नाही. तीन वर्षांपूर्वी तुम्हाला या आजाराचं नावही ठाऊक नव्हतं. आज तुम्हाला तो ताटात दिसतो. तिलाही बरं असणं म्हणजे काय हे ठाऊक आहे, दीड वर्ष ती ते जगली आहे. पहिल्या वेळी जे शिकायला सहा महिने लागले ते या वेळी सहा आठवड्यांत हाती येतं असं मी अनेकदा बघितलंय. फक्त ते लपून राहता कामा नये. माझ्याकडे उलटून आलेल्या रुग्णांमध्ये, ज्यांनी पहिल्या महिन्यात कुणाला तरी सांगितलं त्या ओपीडीतच सावरल्या. ज्यांनी लाजेनं दडवलं, 'एवढा खर्च केला आणि मी पुन्हा तेच केलं' म्हणून, त्यांना ॲडमिट करावं लागलं. म्हणून घरात पैशांचा विषय आत्ता काढू नका. मिस्टरांना तेवढं नक्की सांगा. 'नाटकं' हा शब्द कानावर पडला की ती तुमच्यापासूनही लपवायला लागेल. ते ऐकत नसतील तर फिजिशियनकडे ईसीजी काढताना त्यांना सोबत न्या. मंद चाललेली नाडी कागदावर दिसली की बाबा लोक गप्प होतात आणि बहुतेक वेळा त्याच रात्रीपासून मदतीला लागतात.

जेवणाचं काय करायचं? काही आठवडे वाढायचं तुम्ही. ती २० वर्षांची आहे, तिला राग येईल, तरी. लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात जी कुटुंबाधारित पद्धत तयार झाली तिचं मूळ सूत्र हेच आहे की आजार बोलतोय तोवर ताटाचा निर्णय घरातल्या मोठ्यांनी घ्यायचा आणि मुलगी सावरेल तसा तो तिच्याकडे परत द्यायचा. ती मुख्यतः किशोरवयीन मुलांसाठी आहे. सज्ञान मुलीशी आधी बोलून, तिची संमती घेऊन करावं लागतं. 'दोन महिने वाढायचं काम माझं, मग पुन्हा तुझं' असं ठरवून टाका. चार तासांपेक्षा जास्त वेळ पोट रिकामं राहता कामा नये: तीन जेवणं आणि मधे दोन-तीन वेळा काहीतरी. वेगळं पथ्याचं काही करू नका. भाकरी, आमटी, भाजी, भात, दही, शेंगाचटणी, जे घरात सगळ्यांना तेच, आणि तेल-तूप काढून न टाकता. कॅलरी मोजायचं ॲप तिच्या फोनमध्ये असेल तर तिच्याच हातानं काढून टाकायला सांगा. ताटावर बसून खाण्याबद्दल बोलू नका. कॉलेजचं बोला, टीव्हीवरचं बोला. ती म्हणेल भूक नाही, आणि ते खरंही असेल, कारण उपाशी पोटाची हालचाल मंदावलेली असते आणि थोडं खाल्लं तरी फुगतं. नियमित खाल्ल्यानं ते काही आठवड्यांत सुधारतं. तोवर भुकेची वाट न बघता घड्याळ बघून जेवायचं, औषधाच्या वेळेसारखं.

विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली, एक आई मला इथे नेहमी आठवते. दिवसाच्या हजार विड्या पूर्ण करायच्या म्हणजे तिला मुलीसमोर तासभर बसून राहणं परवडणारं नव्हतं. हा श्रीमंतांचा आजार आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी तिच्या घरी जाऊन बघायला हवं होतं. मी तिला म्हटलं होतं, जेवताना सोबत बसा. ती विड्यांचं सूप मांडीवर घेऊन मुलीच्या शेजारी बसायची, पानं कात्रीनं कापत, तंबाखू भरत, दोरा गुंडाळत. नजर हातातल्या विडीवर. मधेच तेलुगूत शेजारणीचं काहीतरी सांगायची. दीड महिन्यानं मुलगी मला म्हणाली, "अम्मा माझ्याकडं बघत नाही म्हणून जेवता येतं." डोळे लावून समोर बसणाऱ्या सुशिक्षित घरांतल्या आयांना मी तेव्हापासून हीच गोष्ट सांगते.

सावरायला लागल्यावर, डोकं शांत असेल अशा एखाद्या दुपारी, तिच्यासोबत बसून एक कागद तयार करा. अक्षर तिचं असू दे. मी ठीक असते तेव्हा कशी असते, घसरायला लागते तेव्हा आधी काय होतं, नंतर काय, आणि फारच खाली गेले तर काय दिसतं. प्रत्येक पायरीपुढे कुणी काय करायचं तेही लिहायचं. उदाहरणार्थ: लागोपाठ तीन दिवस नाष्टा चुकला तर आईनं विचारायचं आणि मी चिडायचं नाही. दोन आठवडे चुकला तर डॉक्टरांची वेळ घ्यायची, मी नको म्हटलं तरी. एका मुलीनं लिहिलं होतं, 'मी अचानक सगळ्यांशी खूप गोड वागायला लागले तर मला विचारा.' हे आम्हाला कुणालाच सुचलं नसतं. वजन करायचंच असेल तर दवाखान्यात, काट्याकडे पाठ करून. घरातला काटा काही काळ शेजारी देऊन ठेवा.

दिवाळी तोंडावर आहे म्हणून तिच्याबद्दल आत्ताच बोलते. फराळाचं ताट, नवे कपडे आणि पाहुणे, तिन्ही एकत्र येतात. 'किती बारीक झालीस गं, छान दिसतेस' आणि 'आता जरा अंगानं भरलीस, तब्येत सुधारली', ही दोन्ही वाक्यं तिच्यासाठी सारखीच घातक आहेत. बरं होत असलेल्या मुलीला 'तब्येत सुधारली' हे 'जाड झालीस' असं ऐकू येतं. मावशी-काकूंना आधीच फोन करून सांगा की तिच्या अंगापिंडाबद्दल अक्षर काढायचं नाही. कपडे तिला सैल, मापाचे घ्या, जुना ड्रेस बसतो का म्हणून घालून बघायला लावू नका. पुढे स्थळं बघायची वेळ येईल तेव्हा हा धोका पुन्हा उभा राहील. 'लग्नाआधी दोन-चार किलो कमी' हे वाक्य जुनी जखम उघडतं, तेव्हा त्या काळात आमच्याकडच्या भेटी वाढवा.

औषधांचं थोडक्यात. खाऊन उलट्या काढण्याच्या आजारात, म्हणजे बुलिमियात, फ्लुओक्सेटीनचा उपयोग होतो आणि डोस उदासीनतेला लागतो त्यापेक्षा मोठा असतो. ॲनोरेक्सियात वजन भरल्यानंतर आजार उलटू नये म्हणून तेच औषध देऊन बघितलं गेलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, ९३ रुग्णांवरच्या त्या चाचणीत औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. सोबत नैराश्य किंवा मंत्रचळ असेल तर औषध लागतं, पण ॲनोरेक्सिया गोळीनं थोपवता येईल अशा आशेवर थांबू नका. केमिस्टकडून भूक वाढवायचं टॉनिक आणू नका. तिची अडचण भुकेची नाही, आणि त्या औषधानं नुसती झोप येत राहते. ब्युप्रोपिऑन हे औषध खाण्याचा आजार असलेल्यांना किंवा पूर्वी होऊन गेलेल्यांना देत नाहीत, फिट येण्याचा धोका असतो. म्हणून कुठल्याही नव्या डॉक्टरांना जुना आजार आवर्जून सांगा. पाळी आणण्यासाठी हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर महिन्याला रक्तस्राव होईल, पण शरीर सावरलं असा त्याचा अर्थ नाही, आणि हाडांची झीज त्यानं भरून निघेलच असं नाही. हाडं भरतात ती खाण्यानं आणि आपणहून परत आलेल्या पाळीनं.

मदत कुठे? पुण्याच्या डॉक्टरांना आधी फोन करा, त्यांना तिचा पूर्वेतिहास ठाऊक आहे. इथे मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ हे तिघे एकमेकांशी बोलतील अशी व्यवस्था लावावी लागते. आहारतज्ज्ञ निवडताना आधी विचारा की खाण्याच्या आजाराचे रुग्ण बघितले आहेत का. वजन कमी करायचे तक्ते देण्यातच ज्यांचा दिवस जातो त्यांच्याकडे ही मुलगी नको. खर्चाचा प्रश्न असेल तर आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि फिजिशियनही त्याच आवारात मिळतात. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीनं धरणं बंधनकारक आहे. पॉलिसी काढून बघा.

हे वाचणाऱ्यांत मुलांचे आई-वडीलही असतील. पार्क मैदानावर पोलीस भरतीसाठी पळणारी, वजनी गटासाठी पाणी तोडणारी, जिममध्ये फक्त अंड्याचा पांढरा भाग खाऊन राहणारी मुलं माझ्याकडे येतात, आणि मुलींपेक्षा दोन-तीन वर्षं उशिरा येतात, कारण त्यांच्या उपाशी राहण्याला घरात 'जिद्द' म्हणतात. दुखणं त्यांचंही याच पद्धतीनं उलटतं, बहुतेकदा भरतीची किंवा स्पर्धेची तारीख जवळ आली की.

बरं झालेलं कसं दिसतं, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण आई म्हणून तुम्हाला ते हवं असेल. सात वर्षांपूर्वीची माझी एक रुग्ण गेल्या संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत दिसली. कडेवर मूल, हातात भज्यांचा कागद, नवऱ्याशी कशावरून तरी भांडत होती. भांडता भांडता अर्धी भजी संपवली, कागद चुरगाळून टाकला आणि गर्दीत निघून गेली. एके काळी ही मुलगी वाटाण्याचे दाणे मोजायची. मधे दोनदा तिचं दुखणं उलटलं होतं, दुसऱ्यांदा तर लग्न ठरल्यावर.

उद्या सकाळी तिला काय म्हणायचं म्हणून तुम्ही अडला असाल तर एवढंच म्हणा: "दसऱ्यापासून मला दिसतंय. तुझ्यावर रागावले नाही. परवा डॉक्टरांकडे जाऊ, मी बरोबर आहे." ती नाही म्हणेल, रडेल, 'मी ठीक आहे' म्हणेल. वाद घालू नका, वेळ घेऊन ठेवा. पुण्याचं डिस्चार्ज कार्ड आणि कौन्सेलिंगचे शेवटचे कागद सोबत घ्या. तोवर रात्री जेवायला तिच्या शेजारी बसा, समोर नको. निवडायला मेथी घ्या, नाहीतर शेंगा सोलायला घ्या.